खाऱ्या वाऱ्यातले भाड्याचे घर

रायगडच्या किनारपट्टीवर भाड्याने घर घेणाऱ्या गृहस्थाला मालक, कायदा आणि समुद्र अशा तीन पक्षांशी व्यवहार करावा लागतो. आणि त्यांपैकी पहिल्या दोघांशी प्रसंगी तडजोड होऊ शकली, तरी तिसऱ्याशी ती कधीच होत नाही, ही गोष्ट कोणत्याही करारनाम्यात नमूद केलेली नसल्यामुळे नवागताला ती पहिल्या पावसाळ्यातच कळते. शिक्षकाच्या बदलीच्या नोकरीपायी माझे बहुतेक आयुष्य श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग अशा गावांतून परक्या छपराखाली गेले, आणि सध्या चौलास एका जुन्या कौलारू घराचा अर्धा भाग माझ्या कबज्यात आहे. परके घर आपलेसे कसे करावे, आणि तरीही ते सोडताना मालकाच्या मिळकतीला ओरखडाही उठलेला नसावा हे कसे साधावे, याविषयी जे काही अनुभवाने कळले, ते येथे नमूद करीत आहे.

प्रथम भिंतीची प्रकृती जाणून घ्यावयास हवी. आमच्याकडील जुनी घरे जांभ्या दगडाची, चुन्याच्या गिलाव्याची. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल तो वर ओढून घेतो आणि पावसाची झडही पोटात साठवितो. त्या ओलीबरोबर क्षार येतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन वाऱ्याने उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढत जातात आणि गिलाव्याचा कण न् कण बाहेर ढकलू लागतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. चुन्याची सफेदी हा या विकारावरचा उपाय नव्हे, पण ती ओलीला वाट देते, म्हणूनच आमचे पूर्वज दरवर्षी निमूटपणे भिंतींना चुना देत आले. ही वाट बंद केली की क्षार आतल्या आत साचतात आणि गिलावा थराथराने सुटतो. समुद्राकडची, म्हणजे पश्चिमेची भिंत या बाबतीत सर्वांत नाजूक. सिमेंटच्या नव्या इमारतींतही पुट्टी आणि रंग यांखाली हेच नाटक चालते; फक्त पडदा उशिरा उघडतो.

२०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईची तरुण मंडळी या बाजूला वर्ष-दोन वर्षांसाठी घरे घेऊ लागली आहेत. असेच एक दांपत्य आमच्या घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहावयास आले. दोघेही हौशी, सालस आणि कामसू. खिळा ठोकावयाचा नाही, ही मालकांची अट त्यांनी तंतोतंत पाळली. पण खिळ्याऐवजी त्यांनी माजघराची पश्चिम भिंत पाठीमागे गोंद असलेल्या प्लास्टिकच्या कागदाने आपादमस्तक मढविली. कागदावर दगडी बांधकामाचे चित्र होते. खऱ्या जांभ्याच्या भिंतीवर खोट्या दगडाचे चित्र चिकटविण्यात जी विसंगती होती, ती त्यांना जाणवली नाही, आणि न विचारता सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. आषाढ बरा गेला. श्रावणात कागदावर फुगे दिसू लागले, कडा सुटल्या, मागून कुबट दर्प येऊ लागला. आणि दिवाळीनंतर घर सोडतेवेळी त्यांनी तो कागद ओढला, तेव्हा त्याच्या पाठीला चिकटून गिलाव्याचे पापुद्रे तळहाताएवढ्या तुकड्यांनी खाली आले.

किल्ली परत देण्याच्या वेळी साक्षीदार म्हणून मला बोलावण्यात आले होते. मालक जुन्या वळणाचे, न्यायी गृहस्थ. भिंतीपुढे बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, “मास्तर, समुद्राचा लोणा मी ह्यांच्या डोक्यावर नाही मारणार, पण कागदाने ओढून काढलेला गिलावा ह्यांचाच.” न्याय अचूक होता, पण लोण्याचा भाग कोणता आणि कागदाचा कोणता, हे ठरवावयाचे कशाने? घर ताब्यात घेतेवेळी भिंतीची अवस्था काय होती, याचा एका ओळीचाही लेख नव्हता, छायाचित्र नव्हते. “काका, ही भिंत आधीपासूनच पोकळ वाजत होती,” असे तो तरुण म्हणाला, आणि ते खरेही असेल. पण खरे असणे आणि शाबीत होणे यांत अंतर असते. अखेर गवंड्याच्या अंदाजावर अनामत रकमेतून कपात झाली, आणि दोन्ही पक्ष मनातून असमाधानी राहूनच वेगळे झाले.

मालकांनी अनुभवावरून केलेला हा भेद कायद्यानेही मानलेला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमात भाडेकरूचे हक्क आणि कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांचा मथितार्थ असा की, वाजवी वापराने होणारी झीज आणि टाळता न येणारे बल यांपायी झालेला फरक वगळता, घर जसे मिळाले तशा स्थितीत परत करावे. मालकाच्या संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करू नये. आणि आपण जोडलेली वस्तू काढून न्यावयाची असेल, तर ती कबजा आपल्याकडे असेपर्यंतच न्यावी, नंतर नव्हे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ज्या क्षेत्रांना लागू आहे, तेथे लाकडी पडदी, स्वयंपाकाचा उभा ओटा, जाळीकाम, वायुवीजनासाठी खिडकी, धुराडे इत्यादी कामे, आवश्यक तेथे नगरपालिकेच्या परवानगीने केलेली असल्यास, कायम बांधकाम म्हणून गणली जात नाहीत. परंतु हे संरक्षण भाडेकरूचे. आजकालचे बहुतेक करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात, आणि त्यांतील माणसाने या सवलतीवर विसंबू नये, त्याचा आधार त्याच्या करारातील मजकूर एवढाच. याच अधिनियमाचे ५५ वे कलम करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असे सांगते, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. तेव्हा काय लावण्यास मुभा आहे, कशास हरकत आहे, हे तोंडी न ठेवता त्या दस्तातच उतरवून घ्यावे. दोन ओळींचा प्रश्न असतो. संकोच मात्र आपल्याकडे भारी.

आता सजावटीकडे वळतो. कोकणातले जुने घर मुळात भिंतीला इजा न करता सजविण्यासाठीच बांधलेले असते, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते. भिंतीत कोनाडे आहेत, फडताळे आहेत, बांधकामाबरोबरच बसविलेल्या लाकडी खुंट्या आहेत, आणि डोक्यावर तुळया आहेत, ज्यांना पांढऱ्या कांद्याच्या माळा पिढ्यान् पिढ्या लटकत आल्या. पावसाळ्यापूर्वी पडवीच्या तोंडाशी विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधावयाचे आणि पाऊस सरला की सोडून टाकावयाचे. भाद्रपदात मखर उभारावयाचे आणि विसर्जनानंतर उकलून माळ्यावर ठेवावयाचे. यांतले काहीच कायमचे नसते. माझ्या तसबिरी मी तुळईवरून काथ्याच्या दोरीने सोडतो, दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये जुन्या धोतराचा तुकडा घालतो, आणि तसबीर भिंतीला टेकणार नाही इतके अंतर राखतो. कोनाड्यात समई, पुस्तके, पितळी तांब्या. एवढ्याने खोली भरते. फ्लॅटमध्ये तुळया नसतात. तेथे खिडकीच्या लाकडी चौकटीत ताणून बसणारी स्प्रिंगची दांडी पडद्यास पुरते, पण तीच दांडी दोन गिलाव्याच्या भिंतींमध्ये आवळली, तर चार महिन्यांनी दोन खळगे मागे राहतात.

चिकटपट्ट्या आणि चिकट आकडे यांना मी सरसकट दोष देणार नाही. चकचकीत फरशी, काच, सनमायका, ऑइलपेंट दिलेले दार, एवढ्यांवर ते उत्तम काम देतात. मात्र जागा आधी पुसून ठणठणीत कोरडी केलेली हवी, आणि काम हिवाळ्यात उरकलेले हवे, कारण आषाढातल्या हवेत गोंद धरत नाही. भिंतीवर तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरे लागले, तर त्या भिंतीवर काहीही चिकटवू नये, कारण गोंद भिंतीला नव्हे, तर चुन्याच्या भुकटीला धरतो. ताणून निघणाऱ्या पट्ट्या भिंतीपासून बाहेर न खेचता भिंतीलगत, सरळ खालच्या दिशेने, सावकाश ओढावयाच्या असतात. घाई केली की रंगाचा टवका हातात येतो. उरलेला गोंद फरशीवरून खोबरेल तेलाने सुटतो. हाच प्रयोग सफेदीवर केल्यास तेलाचा डाग पुढच्या भाडेकरूपर्यंत टिकतो.

लोखंडाविषयी तर आमच्या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे काम १९०४ साली सुरू झाले, ते मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडतील हे ओळखून. डॉ. नानाभाई मूस त्या वेळी संचालक होते. तिची इमारत पोरबंदरी दगडाची, आणि बांधताना लोखंड कटाक्षाने वर्ज्य केलेले. शास्त्रज्ञांनी चुंबकासाठी जे केले, ते भाडेकरूने खाऱ्या हवेसाठी करावे. मालकाने चार खिळ्यांना संमती दिली, तरी ते साधे लोखंडी नसावेत. त्यांचा तांबडा ओघळ नव्या सफेदीतूनही वर येतो. पितळ काळवंडते, पण चिंचेने घासले की उजळते. पोलादी वस्तू घ्यावयाची, तर ती ३१६ क्रमांकाच्या पोलादाची घ्यावी. साध्या स्टेनलेस स्टीललाही येथे तांबूस ठिपके पडतात.

कपाट, पलंग, पुस्तकांची मांडणी पश्चिम भिंतीपासून वीतभर दूर आणि लाकडी ठोकळ्यांवर असावी, म्हणजे मागून वारा खेळतो आणि बुरशी धरत नाही. जमिनीवर प्लास्टिकचे आच्छादन अंथरण्याची हल्ली रीत पडली आहे. शहाबादी फरशीवर त्याखाली ओल कोंडून काळे डाग पडतात. सतरंजी किंवा चटई रोज उचलता येते, उन्हात टाकता येते, आणि घर बदलताना वळकटी करून काखेत मारता येते. विजेच्या जोडण्यांना हात लावू नये; उजेड हवा तर उभे दिवे आणावेत, आणि मालकाचा जुना दिवा उतरविलाच, तर तो कागदात गुंडाळून, त्यावर खोलीचे नाव लिहून ठेवावा. बाहेर टांगलेली प्रत्येक वस्तू क्षणात उतरविता आली पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कौले आणि पत्रेही उडाले. टांगलेल्या कुंड्यांची काय कथा.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाच्या घरांत दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचने लिहिलेले चर्मपत्र ठेवलेली लहानशी डबी, बसविलेली असते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ती बसविण्याचे कर्तव्य घराच्या मालकाचे नसून राहणाऱ्याचे. इस्रायलभूमीबाहेर भाड्याच्या घराला पहिल्या तीस दिवसांची सूट. आणि घर सोडताना पुढचा रहिवासी ज्यू असेल, तर ती काढून न्यावयाची नाही. काय लावावे, कोणी लावावे, केव्हा काढावे आणि केव्हा ठेवून जावे, याचा इतका स्वच्छ विचार आमच्या अकरा महिन्यांच्या छापील करारांत मला अद्याप आढळलेला नाही.

म्हणून घर शोधणाऱ्यांना माझी विनंती अशी की, सामान आत नेण्यापूर्वी मालकांना बरोबर घेऊन प्रत्येक भिंतीचे, फरशीचे, नळाचे, दार-खिडक्यांचे तारखेसह छायाचित्र घ्या. गिलावा कोठे पोकळ वाजतो, ओल कोठे आहे, हेही यादीत लिहा. त्या यादीवर दोघांच्या सह्या करून ती कराराला जोडा. घर सोडतेवेळी, किल्ली हातात असतानाच, आपले सर्व काही उतरवा, त्याच यादीने रुजवात करा, आणि अनामत परत मिळाल्याची व हिशेब बेबाक झाल्याची पावती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.