मुक्काम थोडा असला तरी खुंट्या पक्क्या ठोका

तमाशाच्या फडात मुक्काम एका रात्रीचा असला तरी मांडणी पूर्ण होते. पहाटे ट्रक यात्रेच्या माळावर लागले की बिगारी आधी राहुट्यांच्या खुंट्या ठोकतात, मग कनात उभी राहते, मग स्टेज. भटारखान्याची चूल पेटते. बायकांच्या राहुटीत प्रत्येकीची पेटी आपल्या जागी जाते आणि पेटीच्या झाकणाला आरसा टेकतो. दुसऱ्या दिवशी हे सगळं उपसून पुढच्या गावाला जायचं आहे, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी कुणी अर्धी राहुटी ठोकत नाही.

हीच आम्ही माणसं शहरात सहा-आठ महिन्यांसाठी फ्लॅट घेतो तेव्हा मात्र ‘थोडे दिवस तर काढायचेत’ म्हणत बोचकीही सोडत नाही. कागद होत नाही, शेजारी कोण ते कळत नाही, झोपायच्या वेळा जुळत नाहीत आणि घर घर होत नाही. कुणाच्या पोराचं शिक्षण, कुणाचं दवाखान्याचं काम, कुणाचं बाळंतपण अशा कारणांनी आमच्यातली कितीतरी कुटुंबं पुण्यात येऊन राहतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी गाणारी, नवरा ढोलकीवर. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत आमचा संसार ट्रकवर असतो आणि पोरगा गावी सासूबाईंजवळ. त्याच सासूबाईंना कॅन्सर निघाला. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे रोज दवाखाना. गावाहून रोजची ये-जा त्यांना झेपणारी नव्हती. म्हणून श्रावणात, फड बंद असताना, आम्ही हडपसरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या.

घर शोधतानाच पहिला प्रश्न येतो तो धंद्याचा. एजंट म्हणाला, “ताई, तमाशा म्हणू नका, ऑर्केस्ट्रात आहे म्हणा.” मी म्हटलं, नाही. ज्या विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळालं, ज्यांच्या नावाने राज्य शासन तमाशातल्या कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं, त्यांच्या कलेचं नाव मी लपवायचं का? आम्हाला दोन घरं नाकारली गेली, तिसरं मिळालं. माझं मत अजूनही तेच आहे. खोटं सांगून घेतलेल्या घरात रोज दबकून राहावं लागतं, आणि पुढेमागे कळलंच तर मालकाच्या हातात आयतं कारण जातं. करारात व्यवसायाच्या जागी ‘लोककलावंत’ असं स्वच्छ लिहून घ्या.

आता कराराचं. हे नीट वाचा, कारण यातच आमचे पैसे गेले. मालकाने स्टॅम्पपेपरवर करार टाईप करून आणला, नोटरीचा शिक्का मारला आणि म्हणाला, “अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही.” एजंटही मान डोलवत होता. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की चार. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. खर्चही फार नाही. मुदतीतल्या एकूण भाड्यावर साधारण पाव टक्का मुद्रांक शुल्क, डिपॉझिटचा थोडा भार आणि शहरात एक हजार रुपये नोंदणी फी. आधार कार्ड आणि अंगठा घेऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं.

सासूबाईंचे उपचार संपले, डॉक्टरांनी गावी जायला परवानगी दिली आणि आम्ही मार्गशीर्षात घर सोडायचं ठरवलं. तेव्हा मालकाने ‘लॉक-इन’ काढलं. म्हणे अकरा महिन्यांच्या आत सोडलं तर डिपॉझिट परत नाही. कागदावर तसं एक अक्षर नव्हतं. शिवाय आम्ही आलो तेव्हाच बाथरूमच्या भिंतीला ओल होती, तिचा रंगकामाचा खर्चही आमच्यावर लावला. निम्मे पैसे परत आले, तेही सोसायटीचे सेक्रेटरी मध्ये पडले म्हणून. नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं की करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं ते समोरच्याने. हे आधी माहीत असतं तर त्या दिवशी माझा आवाज चढला असता.

फडातला माणूस डिपॉझिट भरतो ते उचलीतून. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची आपली मेहनत, ती आधीच खर्ची पडलेली. सगळी उचल डिपॉझिटात घालू नका. औषधाला आणि रिक्षाला हातात पैसा लागतो. आणि चार गोष्टी लिहून घ्या: लॉक-इन नाही किंवा जास्तीत जास्त दोन महिने, नोटीस एक महिना, किल्ली दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत, आणि आत शिरताना भिंती, नळ, फरशी जशा होत्या त्यांचे फोटो दोघांच्याही मोबाईलवर. उलट बाजूही सांगते. मुदत संपल्यावर करार न वाढवता राहू नका. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.

आमच्यासाठी सगळ्यांत अवघड गेली ती रात्र. रात्री गण-गौळण, मग बतावणी, मग वग, आणि पहाटे मेकअप उतरवायचा, ही अंगाची सवय श्रावणात सुटत नाही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे आणि त्यामुळे आमचे खेळ आखडले, तरी डोळा लागतो तो तीनच्या पुढेच. फ्लॅटमध्ये रात्री एक वाजता कपबशी वाजली तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाते. नवरा दोन वाजता खाली चकरा मारायला गेला तर वॉचमनने हटकलं. दिवसा झोपलो तर बंद दार बघून लोक कुजबुजले. इकडे सकाळी आठला दवाखान्याचा नंबर. एकदम दहाला आडवं पडून झोप येत नाही, करून पाहिलं. रोज अर्धा तास अलीकडे सरकत गेलो, सकाळी उठल्या उठल्या गच्चीवर उन्हात बसलो, दुपारची झोप मोडली, तेव्हा दिवस-रात्र जागेवर आली. येण्याआधी गावातच ही सवय लावायला घेतली तर दवाखान्याच्या पहिल्या आठवड्यात डोळे तारवटणार नाहीत. आणि वॉचमनला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की आम्ही असे असे लोक आहोत, रात्री जाग असते.

रियाजाचा प्रश्न वेगळाच. ढोलकी फ्लॅटमध्ये वाजत नाही, म्हणजे वाजवू नये; शाईवर कापड टाकून बोटं फिरवण्यापुरतीच ती चालते. नवऱ्याने जवळच्या देवळातल्या पुजारीबुवांना विचारून दुपारी सभामंडपात बसायची परवानगी काढली. महिनाभर हात थांबला तर हंगामात बोटं सुजतात, म्हणून ही जागा घर बघतानाच शोधा. चाळ बांधून घरात एक पाऊलही टाकू नका.

खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा वर आल्या त्या तक्रार घेऊनच. आमच्या बादलीचं पाणी त्यांच्या गॅलरीत गळत होतं. मी त्यांना आत बसवलं, सासूबाईंच्या मानेवरची किरणांच्या खुणांची शाई त्यांनी पाहिली. आम्ही कोण, कशासाठी आलो, किती दिवस राहणार, सगळं सांगितलं. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “पाणी साडेसहाला येतं आणि साडेसातला जातं, पिंप आधी भरून ठेवत जा.” एवढंच. पण त्या दिवसापासून टँकर येणार असला की त्या खालून हाक मारायच्या आणि दवाखान्यातून यायला उशीर झाला तर पोरगा त्यांच्याकडे जेवायचा. फडात शंभर माणसांचा कालवा असतो, भांडण असो की हसणं, एकटं कुणी नसतं. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये हे माणूसपण आपण होऊन मिळवावं लागतं. माझी दुसरी ओळख झाली कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंशी. ओला-सुका वेगळा कसा ठेवायचा ते त्यांनी शिकवलं आणि स्वस्त भाजीची गल्लीही त्यांनीच दाखवली.

बाकीचं थोडक्यात सांगते. रेशनकार्ड गावचं असलं तरी अंगठा देऊन शहरातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. दुकानदार नाही म्हणाला तर पुरवठा कार्यालयात जा. गॅससाठी पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. चौदा वर्षांपर्यंतच्या पोराला शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आमच्या पोराला मनपाच्या शाळेत सहावीत घ्यायला आधी टाळाटाळ झाली. हे कलम सांगितल्यावर घेतलं.

दसऱ्याला फडाचा नारळ फुटला आणि नवरा फडाबरोबर गेला. मी राहिले. त्या दिवसांत मला कुणी समजावलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणून सांगते: हंगाम सुरू झाल्यावर मागे राहणाऱ्या बाईला रात्री फार जड जातात. तिला रोज फडातून एक फोन यायला हवा. फडातल्या माणसांनी हे काम वाटून घ्यावं.

आणि फडमालकांना हात जोडून एक विनंती. घर बघताना प्रत्येक मालक कामाचा पुरावा मागतो आणि आमच्याजवळ पगाराची पावती नसते. तुमच्या फडाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, हा कलावंत आमच्याकडे इतकी वर्षं काम करतो आणि हंगामात त्याला एवढं मानधन मिळतं, असं एक पत्र प्रत्येकाला द्या. उचल देता, त्याच दिवशी द्या.