जुनी गाडी, नवी मोटर

वाळपईच्या पावसात अंगणात गंजत पडलेली एखादी जुनी गाडी वाचकांनी पाहिली असेल. तिचे इंजिन निकामी झालेले असते. पण चाके व गिअरबॉक्स शाबूत असतात. इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसविता येईल काय? येईल. मात्र खरी कसोटी मोटर विकत घेण्यात नसून ती गिअरबॉक्सला जोडण्यात आहे.

प्रथम गिअरबॉक्स का ठेवावयाचा ते पाहू. चाकाचा परीघ 1.8 मीटर धरू. ताशी 54 किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला 900 मीटर जाते. म्हणजे चाकाचे 500 फेरे होतात. दुसऱ्या गिअरात एकूण गुणोत्तर 8 असेल, तर मोटरचे 4,000 फेरे होतील. चौथ्या गिअरात ते 4 असेल, तर 2,000. परंतु मोटरचा पीळ तेवढाच असता दुसऱ्या गिअरात चाकाला दुप्पट जोर मिळतो. केरीहून चोर्ला घाट चढताना हाच जोर कामी येतो आणि मोटर कमी तापते.

आता जोडणी. मोटर व गिअरबॉक्स यांच्यामध्ये जाड धातूची पट्टी बसवितात आणि दोन्ही शाफ्ट कपलिंगने जोडतात. जुन्या क्लच-प्लेटचा मधला दातेरी भाग कापून कपलिंगमध्ये वापरता येतो. दोन्ही शाफ्टांचा अक्ष एकच असला पाहिजे. सुतारकामात एका सुताचा फरक कदाचित खपेल. येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी चूकही बेअरिंग खाऊन टाकते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पूर्वी इंजिनाच्या बाजूस एका छोट्या बेअरिंगवर टेकत असे. त्या टोकाला नवा आधार देण्यास विसरू नये.

क्लच ठेवल्यास फ्लायव्हीलही ठेवावे लागते. मोटरला इंजिनासारखे हिसके नसल्याने त्याचे वजन लेथवर थोडे उतरविता येते. परंतु ते हावरेपणाने पातळ केल्यास वेगात फुटून प्राणावर बेतेल. उतरविल्यानंतर त्याचा समतोल तपासलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. पुष्कळ गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती इंजिनापासूनच मिळते. इंजिन गेले की तीही गेली! तिच्यासाठी वेगळा विद्युत पंप न बसविल्यास घाट चढलेली गाडी उतरताना आवरणे कठीण होईल.

म्हणूनच कायदाही येथे दक्ष आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. अशा रूपांतरासाठी एआयएस-123 हे मानक आहे. पुण्यात 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करते. मान्यताप्राप्त संच व परिवहन कार्यालयाची नोंद यांवाचून अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

विद्यार्थिमित्रहो, कुशल कारागिराचा हात आधी मापपट्टीकडे जातो, मग करवतीकडे. गाडी चालू होणे हे अर्धेच यश. घरच्या माणसांना तीत निर्धास्त बसविता येणे हे पूर्ण यश होय.