नित्य वाचन आणि मंडळीचें ऐक्य

शास्त्रभाग: नहेम्या, अध्याय ८ वा

ज्या मंडळींत दोन तट पडले आहेत तिची उपासना आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. एक तट उजवीकडे बसतो, दुसरा डावीकडे. गीत एकच गातात, परंतु उपासना संपतांच एकमेकांस सलाम न करितां घरोघर जातात. वादाचें मूळ पाहूं गेल्यास तें शेताच्या बांधाचें, सोयरिकीचें किंवा पंचांच्या निवडणुकीचें असतें. पाळक समेट घडवितात, आणि पुढल्या हंगामांत तोच वाद पुनः उभा राहतो. असें कां व्हावें?

१. न्यायानंतर काय? यरुशलेमेची भिंत ५२ दिवसांत पुरी झाली (६:१५). परंतु त्याच पुस्तकांत, पांचव्या अध्यायांत, लोकांमधील मोठा कलह सांगितला आहे. गरिबांचीं शेतें व द्राक्षमळे त्यांच्याच भाऊबंदांकडे गहाण पडले होते. नहेम्यानें तें सर्व परत देवविलें. हा न्याय अवश्य होता, त्यावांचून पुढचें काहीं घडतें ना. तथापि शेत परत मिळालें म्हणजे मन परत मिळालें असें नव्हे. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं लोक पाणीवेशीपुढील चौकांत जमले, आणि नियमशास्त्राचें पुस्तक आणावयास एज्रास त्यांनींच सांगितलें. त्या जमावांत कर्ज देणारे व घेणारे दोघेही असलेच पाहिजेत. आतां ते एकमेकांसमोर नव्हे, तर एकाच वचनासमोर उभे होते.

२. वाचनाचें फळ. पहाटेपासून दोन प्रहरापर्यंत वाचन चाललें. पुरुष, स्त्रिया व समजूं शकणारे सर्व तेथें होते, आणि लेवी अर्थ सांगत होते. म्हणजे हें केवळ शिकलेल्यांचें काम नव्हतें. लोक रडूं लागले तेव्हां त्यांस आनंद करण्यास व ज्यांच्या घरीं काहीं तयार नव्हतें त्यांस वांटे पाठविण्यास सांगण्यांत आलें. ज्याचें शेत काल गहाण होतें त्याच्या घरीं आज अन्न गेलें असेल! पुढें मांडवांच्या सणांत सात दिवस नित्य वाचन झालें (८:१८).

३. एका पाळकाची योजना. स्कॉटलंडांतील डंडी शहरीं रॉबर्ट मरे मॅकचेन नांवाचे तरुण पाळक होते. त्यांनीं १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीकरितां एक वाचनपत्रक तयार केलें: रोज चार अध्याय, कांहीं कुटुंबांत व कांहीं एकांतांत वाचावयाचे. वर्षभरांत जुना करार एकदां, आणि नवा करार व स्तोत्रें दोनदां पुरीं होत. सर्वांचा भाग एकच असल्यानें आईबापांस मुलांबरोबर बोलावयास विषय मिळतो, कळप कोठें चरत आहे हें पाळकास कळतें व प्रीतीचें बंधन दृढ होतें, असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु वाचन निव्वळ रीत होऊं नये, अभिमानाचें कारण होऊं नये व खांद्यावरचें जड जूं होऊं नये, असाही इशारा त्यांनीं दिला. मार्च १८४३ मध्यें, वयाच्या २९ व्या वर्षीं, ते प्रभूकडे गेले. पत्रकाचें पहिलें वर्ष त्यांस पुरें करितां आलें नाहीं. पत्रक मात्र आजही वापरांत आहे.

४. आपण काय करावें? नव्या कराराचे २६० अध्याय आहेत. आठवड्यांतून पांच दिवस रोज एक अध्याय वाचिला तर ५२ आठवड्यांत तो बरोबर पुरा होतो. शनिवार राहिलेल्या वाचनासाठीं ठेवावा. रविवारीं पाळकांनीं त्याच भागांतून उपदेश करावा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस शेजाऱ्यानें वाचून दाखवावें, आणि तो शेजारी शक्य तर दुसऱ्या तटाचा असावा. ऊसतोडीस किंवा मुंबईस गेलेल्या कुटुंबांसही पत्रक द्यावें, म्हणजे तीं दूर असतांही आपल्या मंडळीबरोबरच वाचतील.

वचन वाद मिटविण्याचा मंत्र नव्हे. ज्याचें देणें आहे त्यानें तें दिलेंच पाहिजे. परंतु क्षमेविषयींचा अध्याय दोन्ही घरीं एकाच सायंकाळीं वाचिला जातो, तेव्हां सकाळीं विहिरीवर भेटल्यावर तोंड फिरविणें कठीण होतें.

विचारार्थ प्रश्न
१. पुस्तक आणा असें लोकांनींच म्हटलें, ह्यांत विशेष काय आहे?
२. आपल्या मंडळींत वाचनापूर्वीं कोणता न्याय होणें अवश्य आहे?
३. ह्या आठवड्यांत आपण कोणाच्या घरीं जाऊन वाचून दाखवाल?