पहिल्या शक्तितोलन स्पर्धेची तयारी

शक्तितोलन म्हणजेच पॉवरलिफ्टिंग. यात स्क्वॉट, बेंचप्रेस व डेडलिफ्ट हे तीन प्रकार असतात. प्रत्येकात तीन संधी मिळतात व तिन्ही प्रकारांतील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात. एका जरी प्रकारात तिन्ही संधी फुकट गेल्या, तर स्पर्धक बाद होतो. संधी हुकली तरी पुढील खेपेस वजन कमी करता येत नाही. म्हणून सुरुवातीचे वजन व्यायामशाळेत सलग तीनदा सहज पेलणारे निवडावे.

मी ६० किलो निवडले होते. पहिल्या बेंचप्रेसला वजन वर गेले. पण पंचांच्या ‘रॅक’ या आज्ञेपूर्वीच मी बार घोडीवर ठेवला. लाल दिवे! दुसऱ्यांदा ‘प्रेस’ ऐकण्याआधीच बार रेटला. पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेस छातीत धडधड होती, तरी कान पंचांकडेच ठेवले. तेच ६० किलो, आणि तीन पांढरे दिवे!

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, निदान महिनाभर सोबत्याला पंच करून त्याच्या आज्ञेवरच सराव करा. शेवटच्या आठवड्यात वजने उतरवून अंगाला विसावा द्या. ताकदीइतकीच सबुरीचीही तालीम हवी.