घाटातलं न्यूट्रल

मार्च २०२२. साडेचार महिने जागचे न हललेले पेट्रोलचे भाव २२ तारखेला सुटले आणि बहुतेक रोज सकाळी सहाला ८० पैशांनी चढत गेले. ६ एप्रिलला मुंबईत लिटरमागे १२० रुपये ५१ पैसे झाले. सकाळच्या वाढीआधी पेट्रोल भरून घेण्यात आम्ही वाईकरही काही निराळे नव्हतो. रात्रीचं जेवण झालं की मी पंपावर. पाच लिटर टाकले की चार रुपये वाचायचे, आणि त्यासाठी वीस मिनिटं रांगेत, तीही इंजिन चालू ठेवून!

पण खरा शहाणपणा पुढेच. पाचगणीहून परतताना पसरणी घाटाच्या तोंडाशी गाडी न्यूट्रल केली. वडील असंच करायचे. त्यांच्या कार्बोरेटरच्या गाडीला ते थोडंफार लागूही पडत असावं. शेजारी बायको, मागे दोन पोरं, डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या. गिअर सुटला की गाडीला आवर फक्त ब्रेकचा, त्यामुळे वळणावळणाला पाय दाबलेलाच. निम्म्या घाटात जळका वास आला. पुढच्या ट्रकचा असेल म्हणून मी सोडून दिला. मग पेडल मऊ लागलं. दाबावं तेवढं खाली जातंय आणि गाडी ऐकतच नाही. "अहो, हळू!" तिसरा टाकला, इंजिन किंचाळलं, मग दुसरा, मग हँडब्रेक जरा जरा ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या कडेला लावली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. पोरगा बाटली घेऊन धावला, त्याला अडवलं. तापल्या डिस्कवर पाणी पडलं तर ती वाकते.

ब्रेकचं काम चार हजार दोनशेला पडलं. फिटर हसत म्हणाला, "काका, नव्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र ते बंद पडू नये म्हणून पेट्रोल जातच राहतं." म्हणजे मी वाचवत नव्हतो, जाळत होतो.

तेव्हा घाट ज्या गिअरवर चढता, त्याच गिअरवर उतरा. किल्ली फिरवून इंजिनच बंद करणारे महाभागही आहेत; त्यांचा ब्रेक दोन-चार दाबांत दगड होतो, स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं. काटकसर करायचीच तर हवा बघा. माझ्या पुढच्या चाकांत ती २२ निघाली, हवी होती ३०. टपावरचं रिकामं कॅरिअर वर्षभर उगाच वाऱ्याशी झुंजत होतं, तेही काढलं.

आता घाट दुसऱ्या गिअरवर उतरतो. मागचे हॉर्न मारतात. मी काच खाली करतो आणि हात दाखवून त्यांना पुढे जाऊ देतो.