प्रकाशतंतूतील गोंगाट आणि सरकती गाळणी

काचेच्या तंतूतून जाणारा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल क्षीण होतो. ८० किलोमीटरनंतर त्याचा जेमतेम चाळिसावा हिस्सा उरतो. म्हणून वाटेत एर्बियमयुक्त तंतूचे प्रवर्धक बसवितात. परंतु प्रवर्धक संदेशासोबत स्वतःचाही प्रकाश ओततो आणि तो १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या साऱ्या पट्ट्यावर पसरतो. हाच गोंगाट.

१०० गिगाहर्ट्झच्या मांडणीत एका वाहिनीच्या वाट्याला मात्र ०.८ नॅनोमीटरच येतात. ग्राहकयंत्रापूर्वी तेवढीच खिडकी उघडी ठेवणारी गाळणी बसविली, की बहुतांश गोंगाट बाहेर राहतो. वाहिनी बदलली, तर खिडकीही सरकली पाहिजे. येथे फाब्री आणि पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांची जुनी रचना कामी येते : समोरासमोर दोन अंशतः पारदर्शक आरसे. (माजी विद्यार्थ्यांना प्रयोगवहीतील व्यतिकरण आठवत असेल.) ज्या तरंगलांबीच्या निम्म्याचे पूर्ण पट मधल्या अंतरात बसतात, तोच प्रकाश पार होतो. एक आरसा दाबविद्युत स्फटिकावर बसविला, की विद्युतदाबाने हे अंतर बदलता येते.

अंतर ३० मायक्रोमीटर ठेवले, तर लगतच्या दोन खिडक्यांत सुमारे ४० नॅनोमीटरचा फरक पडतो. म्हणजे आपल्या पट्ट्यात एका वेळी एकच खिडकी. ती पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न्यायला आरसा पाऊण मायक्रोमीटरहूनही कमी हलवावा लागतो! साहजिकच तापमानातील किंचित फरकही भोवतो.

खिडकी अतिशय अरुंद करण्याचा मोह मात्र आवरावा. वेगवान संदेश स्वतःच काही रुंदी व्यापतो. त्याच्या कडा छाटल्या, तर लगतची स्पंदने एकमेकांत मिसळतात. शिवाय वाहिनीच्याच तरंगलांबीवर बसलेला गोंगाट अशा गाळणीने वेगळा काढता येत नाही.