शास्त्रज्ञांची आडनावे जेव्हा विशेषणे होतात



विजेच्या धड्यात आपण 'ओहमचा नियम' शिकतो. जर्मन भाषेत यालाच 'ओमशेस गेझेट्स' म्हणतात. 'गेझेट्स' म्हणजे नियम. 'ओमशेस' हे 'ओम' या आडनावाला 'श' प्रत्यय जोडून केलेले विशेषण आहे. आपणही पाणिनीवरून 'पाणिनीय' करतोच.

हे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. जर्मनमध्ये 'एक' या अर्थाच्या शब्दानंतर त्याची रूपे अशी होतात:

पुल्लिंग – ओमशर व्हीडरश्टांट (ओहमी रोध)
स्त्रीलिंग – गाउसशे कुर्व्हे (गाऊसची वक्ररेषा)
नपुंसकलिंग – ओमशेस गेझेट्स (ओहमचा नियम)

मी स्वतः हिंदी माध्यमात 'ओम का नियम' पाठ केला. हिंदीत लिंगे दोनच, म्हणून 'का' आणि 'की'. मराठीत मात्र 'चा, ची, चे'. जर्मनमध्येही लिंगे तीनच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ही कल्पना नवी नाही, हा मातृभाषेचा लाभ आहे. मात्र सावध राहा. 'नियम' आपल्याकडे पुल्लिंगी, तर 'गेझेट्स' नपुंसकलिंगी. लिंग शब्दाबरोबरच पाठ करावे लागते.

आता लेखनाचा नियम. रोमन लिपीत मोठी व लहान अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे, विशेषणाचे लहान. मग आडनावापासून झालेल्या विशेषणाचे काय? पूर्वी शोध त्या व्यक्तीचा स्वतःचा असेल तर मोठे अक्षर (ओहमचा नियम) आणि केवळ प्रकार सांगायचा असेल तर लहान (ओहमी रोध) लिहीत. १९९८ पासून लागू झालेल्या नव्या शुद्धलेखनानुसार दोन्हीकडे लहान अक्षर चालते. आडनाव वेगळे दाखवायचे असल्यास पुढे लोपचिन्ह देऊन मोठे अक्षर लिहितात.

अक्षर लहान झाले म्हणून माणूस लहान होत नाही. गेओर्ग झिमोन ओम (१७८९–१८५४) हे कुलूप बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र. कोलोन येथील शाळेत ते गणित व भौतिकशास्त्र शिकवीत. १८२७ साली त्यांनी आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, पण आरंभी त्याची फारशी कदर झाली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. एका शाळाशिक्षकाचे आडनाव आज जगभर रोधाचे एकक आहे.

स्वाध्याय : आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातून व्यक्तिनामांवरून आलेल्या पाच संज्ञा शोधा. प्रत्येकीपुढे चा, ची की चे येते ते लिहा आणि त्या व्यक्तीविषयी दोन ओळी लिहून वर्गशिक्षकांना दाखवा. पालकांनीही मुलांबरोबर बसावे, ही विनंती.